ठाणे स्थानकात गाड्या पाहण्यासाठी थोडी जागा हवी : मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाला खुले पत्र

प्रति,
माननीय विभागीय रेल्वे व्यवस्थापक,
मुंबई विभाग, मध्य रेल्वे

विषय : ठाणे स्थानकात गाड्या पाहणाऱ्यांसाठी सुरक्षित व अधिकृत जागा ठेवण्याबाबत

महोदय / महोदया,

सविनय नमस्कार.

ठाणे स्थानकात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कुठेतरी पोहोचायचे असते. जिने, पूल, इंडिकेटर, उद्घोषणा, तिकीट तपासनीस अशी आपली सारी व्यवस्था त्या पोहोचणाऱ्या माणसासाठी उभी केलेली आहे आणि ते रास्तच आहे. परंतु कुठेही जायचे नसताना केवळ येणारी-जाणारी गाडी पाहण्यासाठी स्थानकाची वाट धरणारे काही लोकही या शहरात आहेत, आणि हे पत्र त्यांच्याविषयी आहे. त्यांना उभे राहण्यासाठी गर्दीच्या वाटेबाहेर एक सुरक्षित जागा असावी आणि तिथे काय चालेल, काय चालणार नाही हे स्पष्ट लिहिलेले असावे, एवढी एकच मागणी मी आपल्यापुढे ठेवते आहे.

मी ठाण्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. कोणत्याही प्रवासी संघटनेत माझे पद नाही आणि लोकलच्या फेऱ्या, थांबे किंवा भाडे यांविषयी मला या पत्रात काहीही मागायचे नाही. गाड्यांचे वेड असलेली मुले मात्र मला शाळेत दरवर्षी भेटत गेली. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा इंजिनाच्या अंगावरची अक्षरे वाचून ते कल्याणच्या शेडचे की भुसावळच्या, हे बिनचूक सांगतो आणि पंधरा डब्यांच्या लोकलमध्ये मोटार बसवलेले डबे कोणते हे नुसत्या आवाजावरून ओळखतो, तेव्हा त्याच्या शिक्षिकेने त्या छंदाकडे जरा गंभीरपणे पाहिले पाहिजे. मी तसे पाहू लागले आणि पुढे मलाही त्यात गोडी वाटू लागली, हे लपवण्याचे कारण नाही.

ही मागणी ठाण्यासाठीच का, हे सांगायला इतिहासाची थोडी मदत घ्यावी लागेल. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून निघालेल्या पहिल्या प्रवासी गाडीला १४ डबे होते आणि त्यांत सुमारे ४०० निमंत्रित बसले होते. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ती गाडी ३४ किलोमीटर ओढत ठाण्याला आणली. ही माहिती आता शाळेच्या पुस्तकांत आहे आणि आपल्या विभागातर्फे तिचे स्मरणही होते. पण त्या दिवशी डब्यांत बसलेल्यांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक माणसे लोहमार्गाच्या दुतर्फा उभी होती, ही बाजू सहसा कोणी सांगत नाही. तिकीट काढून गाडीत बसण्यापूर्वी या देशातल्या सामान्य माणसाने रेल्वे आधी पाहिली, आणि ती याच वाटेवर पाहिली. रेल्वेचा प्रेक्षक हा रेल्वेच्या प्रवाशाहून वयाने थोडा मोठाच आहे.

या प्रेक्षकाला आज ठाण्यात काय पाहायला मिळते, हे कदाचित आपल्या कार्यालयातल्या वेळापत्रकांवरून आणि आलेखांवरून लक्षात येणार नाही. आपल्या विभागात रोज १८०० हून अधिक लोकल फेऱ्या होतात आणि त्यांतला फार मोठा भाग ठाण्यातून जातो. पश्चिमेच्या बाजूने धिम्या लोकल, मध्ये जलद लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या, पूर्वेच्या कडेला वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स हार्बर, असे एका नजरेत मावणारे इतके प्रकार फार थोड्या स्थानकांत सापडतील. त्यात पुण्याच्या गाड्या आहेत, नाशिक-मनमाडच्या आहेत, दिव्याहून पनवेलमार्गे कोकणात उतरणाऱ्या आहेत, आणि पार हावडा, वाराणसी, फिरोजपूरपर्यंत जाणाऱ्या आहेत. १९१२ साली सुरू झालेली पंजाब मेल आणि २०२३ साली सुरू झालेली शिर्डीची वंदे भारत एकाच दिवशी एकाच ठिकाणाहून पाहता येतात. या दोहोंच्या वयात शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि रूळ तेच आहेत.

त्यातही थांबणाऱ्या गाडीपेक्षा न थांबणारी गाडी पाहण्यात अधिक काही आहे, असे माझे मत आहे. डेक्कन क्वीन ठाण्यात थांबत नाही. १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी संध्याकाळी दादर सोडून ठाण्याच्या फलाटाजवळून जाते, तेव्हा घरी जाण्यासाठी ताटकळणारी माणसेसुद्धा क्षणभर मान वळवतात. त्यांना तिच्यात बसायचे नसते आणि तिच्यामुळे त्यांची लोकल बहुधा दोन मिनिटे मागेच पडलेली असते, तरीही ती मान वळते. ज्यांना या वळणाऱ्या मानेचे महत्त्व वाटत नाही त्यांना हे पत्र पटवणे अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून आता जरा व्यवहाराच्या भाषेत बोलते.

विज्ञानाच्या शिक्षिकेला फलाटावर आयती प्रयोगशाळा मिळते. भोंगा वाजवत जवळ येणाऱ्या गाडीचा स्वर समोरून जाताच एकदम खाली उतरतो. डॉप्लरचा परिणाम फळ्यावर वर्तुळे काढून समजावायला एक तास लागतो आणि न थांबणारी एक्सप्रेस तो काही सेकंदांत समजावून जाते. डोक्यावरची विजेची तार नीट पाहिली तर ती सरळ नेलेली नसून रुळांच्या मध्यरेषेच्या आलटून पालटून डावी-उजवीकडे ओढलेली दिसते, कारण तसे केले नाही तर पेंटोग्राफवरची (गाडीच्या टपावरून तारेला टेकून वीज घेणाऱ्या सांगाड्यावरची) कार्बनची पट्टी एकाच जागी घासून तिला खाच पडेल. काही खांबांना टांगलेली जड वजने भर उन्हाळ्याच्या दुपारी सकाळपेक्षा खाली आलेली असतात, कारण तापून लांबलेल्या तारेचा सैलपणा त्यांनी ओढून घेतलेला असतो. उष्णतेने धातू प्रसरण पावतात हे वाक्य मुले पाठ करतात. ते घडत असताना दाखवायला मला दुसरी इतकी मोठी तार कुठे मिळणार?

सिग्नलचेही तसेच आहे. गाडी पुढे गेली की तिच्या मागचा सिग्नल लाल होतो. ती आणखी पुढे गेल्यावर तो एक पिवळा, मग दोन पिवळे आणि शेवटी हिरवा होतो. आठवीतल्या मुलीला घड्याळ देऊन या बदलांच्या वेळा लिहायला सांगितल्या, तर पुढची गाडी किती दूर गेली असेल आणि एका मार्गावर दोन गाड्यांमध्ये किमान किती अंतर ठेवावे लागते, याचा अंदाज ती स्वतः बांधते. लोकल वाढवा असे नुसते म्हणून लोकल का वाढत नाहीत, हे तिला वर्तमानपत्र वाचण्याआधीच समजते. प्रवाशांमध्ये अशी समज असलेली माणसे वाढली तर गाडी खोळंबल्यावर आपल्या कर्मचाऱ्यांच्या वाट्याला येणारी बोलणी थोडी तरी कमी होतील.

दुपारी चारनंतर जाणारी हजरत निजामुद्दीन राजधानी हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. जानेवारी २०१९ मध्ये ही गाडी सुरू झाली आणि पुढे तिच्या दोन्ही टोकांना एकेक इंजिन दिसू लागले. पाहणाऱ्या मुलाचा पहिला प्रश्न असतो की मागचे इंजिन चुकून राहिले आहे का. त्याचे उत्तर ठाण्यापासून बरेच दूर, कसाऱ्याच्या घाटात आहे. तिथला चढ ३७ मीटर अंतराला एक मीटर इतका तीव्र असल्याने एरवी गाडी कसाऱ्याला थांबवून मागे बँकर, म्हणजे गाडीला ढकलणारी जादा इंजिने जोडावी लागतात आणि घाट चढून गेल्यावर ती सोडावी लागतात. मुंबईहूनच पुढे एक आणि मागे एक इंजिन लावले आणि दोन्ही एकाच चालकाच्या हाताखाली चालवली, की ही थांबाथांब टळते. सपाट ठाण्यात उभ्या असलेल्या मुलाला घाटाचा भूगोल एका इंजिनामुळे कळतो, आणि पुढच्या वेळी नाशिकला जाताना तो खिडकी सोडत नाही.

नियमाने पाहणारा माणूस हा बदलांचा साक्षीदारही असतो. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. त्या प्रवाहाची जागा २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाने घेतल्यावर, म्हणजे आपल्या मुख्य मार्गावर २०१५ पर्यंत आणि हार्बरवर २०१६ मध्ये, जुन्या लोकलचा तो घरघरणारा, दाते दात्यांना भिडल्यासारखा आवाजही गेला. कोकणात जाणाऱ्या गाड्यांना ठाण्यात डिझेल इंजिन दिसत असे. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाल्यापासून तेही विरळ झाले. निळे डबे जाऊन लाल डबे आले. जानेवारी २०२० मध्ये आपल्या विभागाची पहिली वातानुकूलित लोकल आली ती ट्रान्स हार्बरवर, म्हणजे ठाण्याच्याच दारात. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाल्यावर कोणती गाडी कोणत्या रुळावरून येईल याचे आमचे सारे आडाखे चुकू लागले आणि ते नव्याने बसवावे लागले. देखभालीसाठी काही मार्ग बंद ठेवणारा रविवारचा मेगाब्लॉक सगळ्या मुंबईला नकोसा असतो. धिम्या गाड्या जलद मार्गावर आणि जलद गाड्या धिम्या मार्गावर पाहण्याची संधी म्हणून त्याची वाट पाहणारे या शहरात फक्त आम्हीच असू.

आता हे सारे पाहायचे कुठून, हा प्रश्न आहे. रुळांच्या जवळ जाणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. पादचारी पुलावर रेंगाळू नये, हेही बरोबर आहे. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरील चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली, ते विसरून पुलावर उभे राहण्याची परवानगी मागण्याइतकी मी बेजबाबदार नाही. शिवाय विजेच्या तारांवरून जाणाऱ्या पुलांच्या कडा सुरक्षेसाठी उंच पत्र्यांनी झाकाव्या लागतात, त्यामुळे लहान मुलाला तिथून गाडीचा आवाज येतो आणि पत्रा दिसतो. उरतो तो फलाट. तिथे दहा रुपयांचे फलाट तिकीट काढून दोन तास थांबता येते, पण ते तिकीट पोहोचवायला किंवा घ्यायला येणाऱ्यांसाठी आहे, असा सर्वसाधारण समज आहे. कोणालाही पोहोचवायचे नसताना फलाटाच्या टोकाशी वही घेऊन उभा असलेला मुलगा कर्तव्यावरच्या जवानाला संशयास्पद वाटला, तर दोष नेमका कुणाला द्यावा हे ठरवणे कठीण आहे.

असे प्रसंग घडतात. माझ्या एका माजी विद्यार्थ्याला एका मोठ्या स्थानकात (कोणत्या ते सांगण्याची गरज नाही) गाड्यांचे क्रमांक वहीत लिहिताना हटकले गेले, कार्यालयात बसवून ठेवले गेले आणि मोबाइलमधली छायाचित्रे पुसायला लावली गेली. तेथील कर्मचारी उर्मट नव्हते, पण छायाचित्र काढायला बंदी आहे की नाही हे त्यांच्यापैकी एकालाही खात्रीने सांगता आले नाही. एकाने बंदी आहे म्हटले, दुसऱ्याने परवानगी लागते म्हटले, तिसऱ्याने हरकत नाही पण आज नको असे म्हटले. त्या मुलाने पुन्हा स्थानकात वही नेली नाही. रेल्वेत नोकरी करायची असे तो लहानपणापासून म्हणत असे. आता तो विम्याच्या क्षेत्रात आहे. त्या एका प्रसंगामुळेच असे झाले, असा माझा दावा नाही.

आपल्या बाजूने येऊ शकणाऱ्या हरकतींचा विचार मी केला आहे आणि त्यांतली एक हरकत इतकी गंभीर आहे, की तिच्यापुढे ही मागणी मांडताना संकोच वाटतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. ठाण्याच्या पुढे-मागे रोजच्या रोज माणसे अशी जीव मुठीत धरून प्रवास करतात. जिथे माणसाला गाडीत उभे राहायला जागा नाही, तिथे गाडी पाहायला जागा मागणे ही चैन नाही का? मला वाटते, ही जागा जर प्रवाशाच्या वाट्याच्या जागेतून, पैशातून किंवा आपल्या अधिकाऱ्यांच्या वेळेतून काढून मागितली असती, तर ती चैनच ठरली असती. म्हणून मागणीची मांडणी मी मुद्दाम अशी केली आहे, की तिने फलाटाची एक फूटही रुंदी घेऊ नये. मे २०२४ च्या अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेऊन आपण फलाट क्रमांक ५ आणि ६ रुंद केला. त्या कष्टाने मिळवलेल्या जागेवर सकाळी-संध्याकाळी केवळ प्रवाशाचाच हक्क आहे.

दुसरी हरकत सुरक्षेची. ११ जुलै २००६ (लोकलमधील बॉम्बस्फोट) आणि २६ नोव्हेंबर २००८ (दहशतवादी हल्ला) या तारखा ज्या शहराच्या रेल्वेने भोगल्या आहेत, तिथे जवानाने संशय घेऊच नये असे कोण म्हणेल? परंतु स्थानकभर विखुरलेले, कोपऱ्या-कोपऱ्यातून डोकावणारे दहा जण आणि कॅमेऱ्याखाली, ठरलेल्या एका जागी उभे असलेले दहा जण, यांत लक्ष ठेवायला सोपे कोणते, हे आपण अधिक चांगले जाणता. रोज एकाच जागी उभ्या राहणाऱ्या माणसांना तिथे काय नेहमीचे आहे आणि काय नाही, हेही लवकर दिसते.

तिसरी हरकत रुळांवर आणि डब्यांच्या टपावर चढून चित्रफिती काढणाऱ्या तरुणांची. त्यांचा आणि आमचा छंद एकच, असे कृपया मानू नये. २५,००० व्होल्टच्या तारेला हात लागावाच लागत नाही, पुरेसे जवळ गेले तरी वीज अंगात उडी घेते आणि म्हणून दोन मीटरांचे अंतर राखायचे असते, हे गाड्या पाहणाऱ्या मुलाला माहीत असते. उभ्या मालगाडीवर चढणाऱ्याला ते माहीत नसते. हे अंतर शिकवायला धोक्याच्या लाल पाटीपेक्षा, पलीकडे खरी तार आणि खरी गाडी दिसणारी, कठड्यामागची जागा अधिक उपयोगी पडेल.

तर जागा कोणती? ठाणे पूर्वेला सॅटिसच्या, म्हणजे स्थानक परिसरातील वाहतूक सुधारणा योजनेच्या, दुसऱ्या टप्प्याचे उन्नत काम चालू आहे. मुलुंड आणि ठाण्याच्या दरम्यान, मनोरुग्णालयाच्या जमिनीवर, नवे स्थानक प्रस्तावित आहे. मुंबई रेल्वे विकास महामंडळ अन्य स्थानकांवर प्रवाशांच्या वावरासाठी उन्नत डेक बांधते आहे. या सर्व बांधकामांत एक गोष्ट समान आहे : रुळांच्या वर किंवा रुळांलगत, फलाटापासून अलग अशी मोठी मोकळी जागा तयार होते आणि मग तिची रुळांकडची कडा पत्र्याने बंद होते. त्या कडेपैकी आठ-दहा मीटरांचा एक भाग, चालण्याच्या वाटेपासून कठड्याने वेगळा काढून, पत्र्याऐवजी विजेच्या दृष्टीने सुरक्षित अशा पारदर्शक आवरणाने बंद करावा, ही माझी मुख्य सूचना आहे. तिथून कोणीही तारेपर्यंत पोहोचू शकणार नाही, काही फेकू शकणार नाही, आणि चार वर्षांचे मूलही उचलून न घेता गाडी पाहू शकेल. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंचीही आवरण ठरवताना मोजली जावी. पुलांचे कठडे करताना ती कोणी मोजत नाही.

ही कल्पना नवीन नाही. टोकियोत निप्पोरी स्थानकाजवळच्या एका पुलावर केवळ गाड्या पाहणाऱ्यांसाठी सज्जा काढलेला आहे आणि खालून कोणकोणत्या गाड्या जातात याचा चित्रफलक तिथे लावलेला आहे. ब्रिटनमधील रेल्वेने छंदिष्टांनी फलाटावर कसे वागावे, कुठे उभे राहावे, छायाचित्र काढताना झगझगीत प्रकाश वापरू नये, अशा साध्या सूचना लिहून प्रसिद्ध केल्या आहेत. टोकियोची गर्दी मुंबईपेक्षा फार कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. जागेपेक्षाही, अशा माणसाचे अस्तित्व रेल्वेने लेखी मान्य केले आहे, ही गोष्ट मला त्यात अधिक मोलाची वाटते.

डेकचे काम होईपर्यंत मधल्या काळात एक साधी व्यवस्था करता येण्यासारखी आहे. गर्दीच्या वेळा वगळून, समजा सकाळी अकरा ते दुपारी चार, लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या एखाद्या फलाटाच्या टोकाकडचा, उतार सुरू होण्याआधीचा आणि पिवळ्या रेषेच्या पुरेसा मागचा थोडा भाग आखून द्यावा. त्यासाठी फलाट तिकीट हवेच. २०२४ मध्ये त्यावरील वस्तू व सेवा कर उठला आहे आणि दोन तासांना दहा रुपये हा दर कोणालाही जड नाही. फक्त गाड्या पाहण्यासाठी आलेल्यालाही हे तिकीट चालते, असे एक वाक्य पाटीवर असावे. छायाचित्रांविषयी जो काही नियम असेल तो त्याच पाटीवर लिहावा. तो कडक असला तरी आमची तक्रार नसेल. मोबाइल चालेल पण तिपाई चालणार नाही, चेहऱ्यांची छायाचित्रे घेऊ नयेत, सिग्नलच्या केबिनकडे कॅमेरा वळवू नये, असे काहीही असो, पण ते जवान आणि मुलगा दोघांनाही एकाच वेळी वाचता यावे. शाळांच्या सहलींसाठी शिक्षकांनी स्थानक व्यवस्थापकांना आठवडाभर आधी पत्र देऊन वेळ ठरवून घ्यावी, हेही त्यातच यावे.

दरवर्षी १ जूनला डेक्कन क्वीनचा वाढदिवस प्रवासी आणि रेल्वे मिळून केक कापून साजरा करतात, याचे मला कौतुक वाटते, कारण यंत्रावर माया करणारी माणसे या राज्यात आहेत हे आपल्या प्रशासनाने तिथे उघडपणे मान्य केलेले आहे. ती माया पासधारकांची आहे. त्यांचे आयुष्य त्या डब्यांत गेले. बाहेर उभे राहून तीच गाडी पाहणाऱ्याची माया तेवढी जुनी नसेल, पण त्याला त्या बदल्यात आसनही नको आहे.

डेकजवळ लावायच्या माहितीफलकाचा मजकूर (कोणत्या मार्गावरून कोणत्या गाड्या जातात, सिग्नलचे रंग काय सांगतात, दोन मीटरांचा नियम काय आहे) मराठी, हिंदी आणि इंग्रजीत विनामूल्य लिहून देण्याची माझी आणि शिक्षकी पेशातल्या माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांची तयारी आहे. त्याची तांत्रिक तपासणी आपल्या विभागाच्या अभियंत्यांनी करावी आणि त्यावर आमची नावे घालू नयेत.

एका गोष्टीची घाई मात्र आहे. विजेच्या तारांच्या वर असलेल्या डेकची कडा एकदा पत्र्याने बंद झाली की ती पुन्हा उघडण्यासाठी वीजपुरवठा तोडून ब्लॉक घ्यावा लागेल आणि त्याचा त्रास प्रवाशांना होईल, म्हणून हा बदल करायचा तर तो नकाशा कागदावर असतानाच करावा लागेल. पूर्वेकडील कामाचा आणि नव्या स्थानकाचा जो आराखडा सध्या आपल्या विभागाकडे असेल, त्यात रुळांकडच्या कडेचे आवरण कोणते धरले आहे, एवढे जरी आपण कळवले, तरी पुढचे पत्र ठाणे महानगरपालिकेला लिहायचे की मुंबई रेल्वे विकास महामंडळाला, हे मला ठरवता येईल.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
ठाणे